बसस्टँडमागचा काचवाला आणि आमच्या बारा फ्रेमा

आमच्या तालुक्याच्या गावी बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, रसवंतीला लागून फोटो फ्रेमचं एक दुकान आहे. बोर्डावर दुकानाचं नाव नाही. 'फोटो फ्रेम, काच, आरसे' एवढंच लिहिलंय आणि त्यातला 'आरसे' उन्हानं उडाला आहे. सगळे त्याला काचवाला म्हणतात. गाळ्याच्या अर्ध्या भागात त्याच्या चुलतभावाचं टेलरिंग चालतं. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात ड वर्गाचं वाचनालय सांभाळते. यंदा जून-जुलैत मी या दुकानातून बारा फ्रेमा करून घेतल्या. काम कसं झालं, कुठे चुकलं आणि चुकलेलं कसं निस्तरलं, ते सविस्तर लिहिते, कारण जरा वेगळं काम असलं की आमच्याकडचे लोक सरळ नागपूर गाठतात आणि मला ते पटत नाही.

आधी चित्रांविषयी. माझ्या भाच्यानं नागपुरात रद्दीच्या ढिगातून मोठ्या आकाराचं एक चित्रांचं पुस्तक आणलं. बांधणी सुटलेली, अर्धी पानं गहाळ, मजकूर फ्रेंच. पण चित्रांची बारा पानं शाबूत होती, सगळी अतिवास्तववाद्यांची, म्हणजे स्वप्नातल्यासारखं अशक्य रंगवणाऱ्या सर्रिअलिस्ट चित्रकारांची: दाली, मॅग्रीट, मॅक्स अर्न्स्ट, लिओनोरा कॅरिंग्टन. पुस्तक धड असतं तर मी एक पानही सुटं केलं नसतं. हे कपाटात ठेवलं तर कसर खाणार, टेबलावर ठेवलं तर पोरांच्या हातात महिनाभरात फाटणार. म्हणून वाचनकक्षाच्या भिंतीवर लावायचं ठरवलं. पैसे वाचकांनीच वर्गणी काढून जमवले.

पहिल्या दिवशी मी पानं काउंटरवर पसरली तेव्हा दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. एकाच्या हातात गजानन महाराजांचा फोटो, दुसरा वडिलांच्या तेरवीसाठी मोठी फ्रेम न्यायला आलेला. काचवाल्या भाऊंनी हात पुसले, दालीचं वितळलेल्या घड्याळांचं पान उचलून उजेडाकडे धरलं आणि विचारलं, "मूळ चित्र केवढं आहे मॅडम?"

मला हा प्रश्न फार आवडला. 'याचा अर्थ काय' असं आजवर मला पन्नास जणांनी विचारलं असेल, माप कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, 24 सेंटीमीटर उंच आणि 33 सेंटीमीटर रुंद. त्यांनी टेप लावला. आमचं पान बोटभर लहान भरलं. "म्हणजे असलीच एवढंसं आहे? मले वाटलं भिंतभर असन." मलाही कळेपर्यंत तसंच वाटत होतं. 1931 सालचं हे चित्र 1934 पासून न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे, आणि त्याच्या नकला इतक्या झाल्या आहेत की मनात त्याचा आकार फुगत जातो. प्रत्यक्षात दालीनं ते वहीच्या पानापेक्षा थोड्या मोठ्या जागेत, बारीक ब्रशनं, जुन्या उस्तादांच्या सफाईनं रंगवलं. मागचे कडे त्याच्या स्वतःच्या मुलखातले, कातालोनियाच्या किनाऱ्यावरचे. जागा खरी, उजेड खरा, म्हणूनच फांदीवर ओल्या फडक्यासारखं टाकलेलं घड्याळही खरं वाटतं. स्वप्न धुरकट रंगवलं असतं तर आपण 'स्वप्न आहे' म्हणून पुढे गेलो असतो.

दुपारी भाऊंची आई डबा घेऊन येते. ती पान पाहून म्हणाली, "घड्याय इरघयलं व माय! आन् या मुंग्या कायच्या?" त्या चित्रात एक घड्याळ वितळलेलं नाही. ते मिटलेलं, नारिंगी आहे आणि त्याच्यावर मुंग्या चढल्या आहेत. दालीच्या चित्रांत मुंगी म्हणजे सडणं, नासणं; लहानपणी मेलेल्या प्राण्याला लागलेल्या मुंग्या त्यानं पाहिल्या होत्या. मी हे सांगायला तोंड उघडलं, तोवर आईनं भजनाच्या चालीत सुरू केलं होतं: "मुंगी उडाली आकाशी, तिने गिळिले सूर्यासी..."

मी मराठी घेऊन एम.ए. केलं आहे. मुक्ताईचा हा अभंग मला पाठ आहे. दालीचं हे चित्रही मी वर्षभर पाहत होते, पण ही मुंगी त्या मुंगीशेजारी ठेवायचं मला कधी सुचलं नाही. त्या बाईंना ते डबा उघडता उघडता सुचलं. वांझेला मूल होतं, माशी व्याली आणि घार झाली, असं एकेक अशक्य सांगत तो अभंग जातो. कीर्तनकार त्याची उकल करतात, मुंगी म्हणजे अमुक, सूर्य म्हणजे तमुक. अतिवास्तववाद्यांना उकल नको होती, दोघांत हा मोठा फरक आहे आणि तो मी पुसणार नाही. पण उकल ऐकण्याआधी, नुसत्या त्या ओळीनं अंगावर जो काटा येतो, तो मला दोन्हीकडे एकाच जातीचा वाटतो. मुक्ताई तरी शेवटी काय करते? 'देखोनि मुक्ताई हांसली.'

अतिवास्तववाद्यांनी सौंदर्याची खूणगाठ म्हणून एका कवीची ओळ धरली होती: चिरफाडीच्या टेबलावर शिलाई मशीन आणि छत्री यांची अचानक पडलेली गाठ. लोत्रेआमाँ हे टोपणनाव घेऊन लिहिणारा तो कवी 1870 साली चोविसाव्या वर्षी पॅरिसमध्ये गेला. पुढे जवळपास पन्नास वर्षांनी या चळवळीचा म्होरक्या ब्रेताँ आणि त्याच्या सोबत्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. काचवाल्याच्या गाळ्यात मशीन रोज असतं आणि जुलैत त्याच्या चाकाला ओली छत्रीही टांगलेली असते. मला तिथल्या स्टुलावर बसून राहायला आवडतं, त्याचं हे एक कारण.

आता दुकानाचं मुख्य काम. इथे देवांचे फोटो असतात, लग्नाचे असतात, पण जास्त काम गेलेल्या माणसांचं. ज्याचा एकट्याचा फोटोच नाही, त्याचा ग्रुपफोटोतून चेहरा उचलायचा, कोटातल्या धडावर बसवायचा, मागे निळा पडदा टाकायचा. हे आता कॉम्प्युटरवर होतं, पूर्वी ते कात्रीनं करत. मी अर्न्स्टचं पान दाखवलं तेव्हा भाऊ थांबले. कोट-पँटातला माणूस आणि मानेवर पक्ष्याचं डोकं. अर्न्स्टनं जुन्या कादंबऱ्यांमधली आणि कॅटलॉगांमधली कोरीव चित्रं कापून, जोडून 1934 साली चित्रांचीच एक कादंबरी केली. 182 चित्रं, आठवड्याच्या वारांप्रमाणे मांडलेली. वाचायला गोष्ट नाही, तरी पानं उलटताना काहीतरी भयंकर घडत असल्यासारखं वाटतं. भाऊंनी भिंग घेऊन मानेजवळ पाहिलं. "जोड दिसत नाही," ते म्हणाले. "हे तं आम्हीबी करतो मॅडम. जोड दिसली का काम गेलं." अर्न्स्टही जोड लपवायला जपत असे. कातरकाम पुन्हा छापून घेतलं की कडा दिसेनाशा होतात.

माझ्या वडिलांचा फोटो नऊ वर्षांपूर्वी याच दुकानात झाला. त्यांचा एकट्याचा फोटो नव्हता. माझ्या लग्नातल्या ग्रुपमधून चेहरा घेतला, धड दुसऱ्या कुणाचं तरी. बाबांचा जन्म पऱ्हाटीत गेला, कोट त्यांनी कधी अंगाला लावला नाही. आमच्या घरात मात्र ते करड्या कोटात आहेत आणि दर पित्रांना त्या फोटोला हार पडतो. तो खांदा बाबांचा नाही हे आईला माहीत होतं, तरी ती त्याच खांद्यावरून फडकं फिरवायची. अर्न्स्टचं पान काउंटरवर पाहिलं त्या दिवशी घरी येऊन मी बराच वेळ त्या फोटोपुढे उभी होते. इतकी वर्षं मला तो फोटो खोटा वाटायचा, जरा रागही होता. त्या संध्याकाळी राग गेला. दोन माणसं जोडून तिसराच माणूस तयार झाला होता आणि आमचं सगळं घर त्याच्याशी बोलत होतं.

फ्रेमेच्या कामाबद्दल ज्यांना नेमकं हवं त्यांच्यासाठी. पट्टी मी एक इंची काळी सिंथेटिक घेतली. सागवानी सुंदर दिसते, पण दुप्पट पडते, आणि आमच्या वाचनालयाच्या भिंतींना उधईचा इतिहास आहे. काच 2 मिलिमीटर. काच कापायच्या कटरला भाऊ अजून 'हिरा'च म्हणतात, जरी आता त्यात छोटं चाक असतं. चित्राभोवती माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची आतली चौकट, घ्याच असं त्यांनी बजावलं. माउंटमुळे काच चित्राला टेकत नाही, नाहीतर पावसाळ्याच्या दमटपणात छपाई काचेला चिकटते आणि मग सोडवता येत नाही. मागे हार्डबोर्ड आणि चारी बाजूंनी ब्राऊन टेप. चित्र खळीनं चिकटवू नका असं मी सांगितलं होतं, कारण खळ ही कसरीची मेजवानी. त्यांनी फक्त वरच्या दोन कोपऱ्यांत कागदी बिजागऱ्या लावल्या. सगळ्यात मला आवडलं ते हे: प्रत्येक फ्रेमेच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांवर त्यांनी जुन्या रबरी चपलेचे चौकोनी तुकडे चिकटवले. त्यामुळे फ्रेम भिंतीपासून बोटाच्या पेरभर सुटी राहते, मागे हवा खेळते, ओल चढत नाही. मी हे मागितलं नव्हतं, त्याचे पैसेही लावले नाहीत.

कोपरे बाराही फ्रेमांचे नीट जुळलेत, नख फिरवलं तरी अडकत नाही. एका काचेत आत केस राहिला होता, तो त्यांनी माझ्यासमोर उघडून काढला.

चूक झाली ती अशी. दहा दिवसांनी मी पाहायला गेले तर पाच चित्रांची नावं गायब. पानांवर चित्राखाली बारीक अक्षरांत चित्रकार, नाव, साल छापलेलं होतं. तयार मापाच्या माउंटमध्ये पान बसावं म्हणून खालची पांढरी पट्टी कापून टाकली होती. भाऊंच्या हिशेबानं चित्राला धक्का लागला नव्हता. मी तिथेच रागावले, आवाजही चढला. मग स्टुलावर बसून त्यांना का ते सांगितलं, आणि इथेही सांगते, कारण या चित्रांच्या बाबतीत ते समजून घ्यायलाच हवं.

अतिवास्तववादाची ही चळवळ कवींनी सुरू केली. 'सर्रिअलिझम' हा शब्द काढला कवी अपोलिनेरनं, 1917 मध्ये. जाहीरनामा लिहिला 1924 मध्ये आंद्रे ब्रेताँनं, तोही कवीच. पहिल्या महायुद्धात तो वैद्यकीचा विद्यार्थी म्हणून सैन्यात होता. 1916 साली एका मनोरुग्णांच्या केंद्रात त्यानं लढाईनं मन मोडलेल्या सैनिकांची बडबड ऐकली, फ्रॉईडचे विचारही तिथेच त्याच्या कानावर आले. शहाण्यांच्या हिशेबानं लाखो माणसं मेली होती, आणि या वेड्यांच्या बोलण्यात त्याला भाषा जिवंत दिसली. 1919 मध्ये त्यानं आणि कवी सुपोनं न थांबता, न खोडता, मनात येईल ते भराभर लिहून पाहिलं. त्या लिखाणातून पुढची वाट निघाली. जाहीरनाम्यात चित्रकारांची नावं येतात ती एका तळटीपेत! म्हणजे तिथे चित्रकार पानाच्या तळाशी होते, आणि आमच्या फ्रेमांमध्ये तळाशी असलेले शब्दच कापले गेले.

मॅग्रीटच्या चित्रांत तर नाव आणि चित्र यांची झुंजच असते. त्याचे कवी-मित्र घरी जमायचे, नव्या चित्रापुढे बसून नावं सुचवायचे. नावानं चित्र समजावून सांगायचं नाही, उलट सहज समजल्यासारखं वाटू लागलं तर ते मोडायचं. 1929 च्या चित्रात तर वाक्य चित्राच्या आतच आहे. पाईप काढलाय आणि खाली फ्रेंचमध्ये लिहिलंय, 'हा पाईप नाही.' ते कात्रीतून वाचलं ही गोष्ट बरी, कारण ते खालच्या पट्टीत असतं तर तेही गेलं असतं. भाऊंनी मला त्या वाक्याचा अर्थ विचारला. सांगितल्यावर ते म्हणाले, "बरोबर आहे, तंबाखू कुठं भरता येते यात." थोडं थांबून तेरवीच्या फोटोकडे बोट करून म्हणाले, "पन हे वाक्य याच्याखाली लिहून पाहा. 'हा बाप नाही.' कोनी नेन काय घरी?"

मला उत्तर आलं नाही. अजूनही नीट येत नाही. मी एवढंच म्हणाले की म्हणूनच नाव हवं.

त्यांनी एक शब्दही न बोलता कातरणांचं पोतं उलटं केलं. माउंटचे तुकडे, पट्ट्यांची टोकं, टेलरच्या चिंध्या. पाऊण तास आम्ही दोघं आणि त्यांची आई पोतं निवडत होतो. पाचांपैकी चार पट्ट्या सापडल्या. मग त्यांनी पाचही माउंट नवे कापले, प्रत्येकात चित्राच्या खिडकीखाली नावासाठी दुसरी छोटी खिडकी. आतली कड 45 अंशांत तिरपी, वरच्या मोठ्या खिडकीसारखीच. फ्रेंच पट्टीखाली मी माझ्या अक्षरात मराठी नाव लिहिलं. ते इतकं देखणं झालं की उरलेल्या सात फ्रेमाही उघडून तशाच करून घेतल्या. त्या सातांचे प्रत्येकी 40 रुपये जास्त दिले. चुकलेल्या पाचांचे त्यांनी घेतले नाहीत.

मूळ दर एका फ्रेमेला 320 रुपये. बारांचे 3,840 झाले, वाचनालयाचं काम म्हणून 3,600 घेतले. वरचे 280 धरून 3,880. यवतमाळला मी चौकशी केली होती, तिथे माउंटशिवायच याच्या जवळपास भाव सांगितला होता.

वेळेची तक्रार मात्र आहे. दहा दिवस सांगून पंचवीस लागले. त्यातले आठ माझ्या दुरुस्तीचे धरले तरी एक आठवडा नुसताच गेला. लग्नसराईचे उरलेले अल्बम आधी केले गेले आणि फोन उचलला नाही. एसटीनं बारा किलोमीटर येऊन दोनदा रिकाम्या हातानं परतले. फोनवर 'झालं नाही' म्हणायला कसला संकोच? हे त्यांना सांगितलंय. उन्हाळ्यात एक ते चार दुकानाचं शटर अर्धं असतं, भाऊ कापायच्या टेबलावर झोपलेले असतात. त्या वेळी जाऊ नका. ब्रेताँनं जाहीरनाम्यात सांगितलेली गोष्ट मी त्यांना सांगितली: सें-पोल-रू नावाचा कवी रात्री झोपताना दारावर पाटी लावायचा, 'कवी काम करत आहे.' भाऊ म्हणाले, स्वप्नात त्यांनाही कधी कधी अडलेलं माप सुचतं.

आता चित्रं भिंतीवर आहेत. सगळ्यात जास्त गर्दी कॅरिंग्टनच्या आत्मचित्रापुढे असते. निळ्या खुर्चीत विस्कटलेल्या केसांची मुलगी, समोर तरस, मागे भिंतीला पांढरा लाकडी घोडा आणि खिडकीबाहेर खरा पांढरा घोडा धावतोय. तरस आमच्या पोरांना ठाऊक आहे, जंगल लागून आहे. कॅरिंग्टन चित्रकार होती तितकीच कथाकारही. तिच्या एका कथेत हेच तरस येतं: मुलीला श्रीमंतांच्या मेजवानीला मिरवायला नेणार असतात, तिला जायचं नसतं, म्हणून ती आपला पोशाख घालून तरसाला पाठवते. तरस चेहऱ्यासाठी मोलकरणीचा चेहरा लावतं. मी ही कथा शनिवारच्या वाचनात तोंडी सांगितली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी मागे बसली होती, तिचा त्याच आठवड्यात पाहण्याचा कार्यक्रम झाला होता. सगळे गेल्यावर ती चित्रापुढे उभी राहिली, म्हणाली, "मॅडम, ही कथा मराठीत लिहून द्याल?" दिली.

लहान मुलांनी चिठ्ठीचा खेळ उचललाय. 1925 च्या सुमारास पॅरिसमध्ये अतिवास्तववादी तो खेळायचे: एकानं शब्द लिहायचा, कागद दुमडायचा, पुढच्यानं न बघता पुढचा शब्द. त्यांचं पहिलं गाजलेलं वाक्य 'नाजूक प्रेत नवी दारू पिईल' असं काहीसं होतं. पुढे त्यांनी याच पद्धतीनं चित्रंही काढली, डोकं एकाचं, पोट दुसऱ्याचं. मराठीत खेळताना एक गंमत कळली. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे शेवटच्या पोरावर सगळं वाक्य टांगलेलं राहतं आणि ते पोर फार गंभीर होतं. परवाचं वाक्य मी फळ्यावरून पुसलं नाही: 'उपाशी ट्रान्सफॉर्मर लाजऱ्या विहिरीला ओवाळतो.' हे सातवीच्या पाच मुलांनी लिहिलं आहे.

बारावी फ्रेम अजून दुकानातच आहे. तीच, जिची पट्टी पोत्यात सापडली नाही. मॅग्रीटचं 1953 चं चित्र: लाल छपरांच्या घरांवर, निळ्या आकाशात, गोल टोप्या आणि काळे कोट घातलेली शेकडो माणसं पावसाच्या थेंबांसारखी. पडतायत, चढतायत की नुसती लटकली आहेत, सांगता येत नाही. नाव सुचवलं होतं स्क्युतनेर या कवी-मित्रानं: गोलकोंडा. आपला हैदराबादचा गोवळकोंडा, हिऱ्यांसाठी जगभर नाव गेलेला. बेल्जियमच्या चित्रावर ते नाव का, याला सरळ उत्तर नाही. पण मी छोट्या खिडकीत 'गोवळकोंडा' लिहिलं तेव्हा भाऊंनी हातातलं कटर वर धरलं. "आमच्या हिऱ्याचं गाव," ते म्हणाले. त्यांच्या आईनं ती फ्रेम पोळ्यापर्यंत दुकानात राहू द्या म्हटलं, मी हो म्हटलं. काउंटरच्या वर, गजानन महाराजांच्या आणि एका नवरानवरीच्या मधे ती लावली आहे. दुकान सोमवारी बंद असतं. जाताना चित्राचं मूळ माप लिहून न्या, आणि खालची पट्टी कापू नका असं आधीच सांगा.